दरीतलं घर, एअरटेलची दोन सिम, १५ हजारांचं बजेट : कोणता फोन घ्यावा?

वाडीतली

आई-बाबांसाठी दोन फोन घ्यायचे आहेत. घर संगमेश्वर तालुक्यात, डांबरी रस्त्यापासून बरंच आत, दरीच्या उतारावर. भिंती जांभ्याच्या, वर पत्रा. दोघांचीही सिम एअरटेल प्रीपेड. बजेट प्रत्येकी १२ ते १५ हजार. कामं अशी: साधे कॉल (हे सगळ्यात महत्त्वाचं, घरात आवाज तुटतो), व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल, यूपीआय, वीजबिल, बाबांची ई-पीक पाहणी. बाबांना बारीक अक्षर दिसत नाही. गेम कुणीच खेळत नाही. दुकानात गेलं की ५जी, १०८ मेगापिक्सेल आणि १६ जीबी रॅम एवढंच ऐकायला मिळतं. यातलं आपल्याला काय लागतं, जाणकारांनी सांगावं.

सिग्नलशाळा

ताई, मॉडेल शेवटी ठरवा. त्या घरात कुठल्या कंपनीचा कुठला बँड (म्हणजे फ्रिक्वेन्सीचा पट्टा) किती पोचतो हे आधी मोजा. घरात आवाज तुटतो याचं कारण बहुतेक वेळा फोन नसतो, आणि मग १५ हजार घालूनही आवाज तुटतच राहतो.

रेंजच्या काड्यांवर जाऊ नका. किती सिग्नलला किती काड्या दाखवायच्या हे प्रत्येक फोन कंपनी आपलं आपण ठरवते. डीबीएमचा, म्हणजे सिग्नलच्या शक्तीचा, आकडा बघा. अँड्रॉइडमध्ये सेटिंग, मग अबाउट फोन, मग सिम स्टेटस, तिथे सिग्नल स्ट्रेंग्थ असते. आकडा उणे असतो, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. ४जीवर -९० च्या आत असेल तर उत्तम. -१०५ पर्यंत कॉल नीट चालतो. -११० च्या पुढे गेलं की शब्द गळायला लागतात आणि -११८ च्या आसपास फोन लागला तर लागला. हे मोजमाप सरळ पट्टीचं नाही: -१०० वरून -११० वर गेलात की सिग्नलची शक्ती दहापट कमी झालेली असते.

बँड बघायला नेटमॉन्स्टर हे फुकट ॲप पुरेसं आहे. सॅमसंगमध्ये डायलरवर *#००११# टाकलं की सर्व्हिस मोड उघडतो. आयफोनवर *३००१#१२३४५#* टाकून कॉलचं बटण दाबायचं.

मोजताना: वायफाय बंद, दारं-खिडक्या रोजच्यासारख्या, फोन त्या जागी दोन मिनिटं ठेवून मग आकडा लिहायचा. स्वयंपाकघर, बाबांची झोपायची जागा आणि अंगण एवढ्या तीन जागा. एकदा सकाळी, एकदा रात्री आठच्या सुमारास. इतर कंपन्यांसाठी शेजाऱ्यांचे फोन मागून घ्या. वेगवेगळ्या फोनच्या अँटेनामुळे ३ ते ५ चा फरक पडतो, तेवढा सोडून द्यायचा. शक्य असेल तर एकाच फोनमध्ये सिम बदलून मोजा, म्हणजे तोही प्रश्न नाही.

शिवारफेरी

वरच्याला जोडून. ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमामुळे कंपन्यांनी आपापल्या संकेतस्थळावर कव्हरेजचे नकाशे टाकलेत. गावात कुठल्या कंपन्या आहेत हे कळायला ते बरे. पण नकाशात दिसतं ते उघड्यावरचं कव्हरेज. दरीच्या उतारावर, जांभ्याच्या भिंतीआड काय होतं ते त्यात येत नाही. नकाशा बघून सिम बदलू नये.

वाडीतली

भावाने दोन दिवस मोजून पाठवलं. क्रम: स्वयंपाकघर, पडवी, अंगण.

एअरटेल, बँड ३: -११७, -१०८, -१०१
जिओ, बँड ५: -१०२, -९६, -९१
शेजाऱ्यांचं बीएसएनएल, बँड २८: -१०४, -९९, -९४
व्हीआय: घरात काहीच नाही, अंगणात येतं-जातं
५जी: कुठेच नाही

जिओच्या फोनवर अंगणात मधूनच बँड ४० दिसतो आणि तेव्हा नेट मंदावतं, असंही त्याने लिहिलंय.

सिग्नलशाळा

भावाने काम चोख केलंय. आता हे आकडे वाचू.

बँड ३ म्हणजे १८०० मेगाहर्ट्झ, बँड ५ म्हणजे ८५०, बँड २८ म्हणजे ७००, बँड ४० म्हणजे २३००. फ्रिक्वेन्सी जितकी खाली तितकी ती लांब जाते, डोंगराच्या कडेवरून थोडी वळते आणि भिंतीत कमी मरते. जांभ्याची भिंत जाड असते, पावसाळ्यात ती पाणी धरते. पत्रा तर सिग्नल परतवूनच लावतो. म्हणजे घरात जे येतं ते दारं-खिडक्यांतून आणि भिंतींतून. एअरटेलचा १८०० चा सिग्नल अंगणातून स्वयंपाकघरापर्यंत येता येता १६ ने पडलाय, जिओचा ८५० चा ११ ने. अंगणातही जिओ आधीच १० ने वर आहे. तुमच्या सगळ्या प्रश्नाचं मूळ इथे आहे.

अजून एक. टॉवरकडे शक्ती भरपूर असते, फोन मात्र ४जीवर जास्तीत जास्त पाव वॅटच्याही आत, साधारण २०० मिलिवॅटने बोलतो. त्यामुळे सिग्नल काठावर असला की समोरच्याचा आवाज आईला नीट येतो आणि आईचा आवाज समोरच्याला तुटक जातो. ‘मला येतंय, तुलाच येत नाहीये’ असे कॉल होत असतील तर कारण हेच. फोन कुठलाही घेतला तरी ही २०० मिलिवॅटची मर्यादा तशीच राहते.

बँड ४० चं कोडंही त्यातलंच. त्या बँडवर जागा जास्त असल्यामुळे नेटवर्क फोनला तिकडे ढकलतं, पण एवढ्या लांबून तो सिग्नल क्षीण असतो. घरात तो पोचतच नाही, म्हणून घरात त्रास नाही. अंगणात तेवढं सोसावं लागेल.

मनोरा

जिओकडे वळण्याआधी एक गोष्ट तपासा. जिओकडे २जी आणि ३जी नाही, सगळे कॉल व्होल्टीवर, म्हणजे ४जीवरूनच. ४जी सुटलं की कॉल तुटला, खाली उतरायला दुसरी पायरीच नाही. एअरटेलने ३जी २०२० मध्येच बंद केलं, पण त्यांचं २जी चालू आहे. ४जी कमजोर झालं की कॉल २जीवर जाऊ शकतो. तेव्हा एअरटेलचं सिम असलेल्या फोनवर प्रेफर्ड नेटवर्क टाइप ‘फक्त २जी’ करा आणि स्वयंपाकघरातून कॉल लावून बघा. आवाज स्वच्छ आला तर नुसत्या कॉलसाठी सिम बदलायचं कारण उरत नाही.

ज्या फोनमध्ये तो पर्याय सेटिंगमध्ये दिसत नाही तिथे डायलरवर *#*#४६३६#*#* टाकून फोन इन्फर्मेशनमध्ये मिळतो. सॅमसंगमध्ये हा कोड सहसा चालत नाही, तिथे सेटिंगमधलाच पर्याय. चाचणी झाली की परत ‘ऑटो’ वर आणायला विसरू नका, नाहीतर नेट बंद पडल्याची तक्रार येईल.

वाडीतली

केलं. स्वयंपाकघरात २जीवर कॉल लागतो पण खरखर आहे. पडवीत ठीक.

मनोरा

मग दोन सिमचा विचार करा. एका फोनमध्ये एअरटेल आणि जिओ दोन्ही. पण आधी बघा की दोघांचे टॉवर वेगळे आहेत का. कंपन्या वेगळ्या म्हणून मनोरा वेगळा असतो असं नाही. एकाच मनोऱ्यावर दोन-तीन कंपन्या भाड्याने असतात. पावसाळ्यात वीज गेली की मनोऱ्याच्या बॅटऱ्या काही तास पुरतात, डिझेल वेळेवर आलं नाही तर वरच्या सगळ्या कंपन्या एकदमच जातात. तुमच्या गावात हे कळायला सोपा मार्ग: वीज गेलेल्या दिवशी दोन्ही रेंज एकाच वेळी गेल्या की वेगवेगळ्या, हे शेजाऱ्यांना विचारा. एकाच वेळी जात असतील तर दुसरं सिम बीएसएनएलचं बघा.

दोन सिमच्या फोनमध्ये एका सिमवर बोलणं चालू असताना दुसरं सिम बहुतेक फोनमध्ये ‘संपर्काबाहेर’ होतं. हा बिघाड समजू नका, फोनमध्ये रेडिओ एकच असतो.

चावडी

दुसऱ्या सिमचा खर्च जास्त वाटत असेल तर: डिसेंबर २०२४ च्या ट्रायच्या आदेशानंतर कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएस असलेले पॅक ठेवावे लागतात. ॲपमध्ये ते पहिल्या पानावर दिसत नाहीत, खाली शोधावे लागतात. ज्या सिमवर नेट वापरायचं नाही त्यावर तोच टाका. आणि प्रीपेड सिम ९० दिवस अजिबात वापरलं नाही तर नंबर जाऊ शकतो. महिन्यातून एक कॉल त्या सिमवरून करायची सवय लावा.

दुरुस्तीवाला

आता फोनकडे येतो.

पहिली चाळणी बँडची. तुमच्या आकड्यांप्रमाणे फोनमध्ये ४जीचे बँड ३, ५, ४० तर हवेतच, त्यावर बँड २८ हवा. ३, ५, ८, ४० हे भारतात विकल्या जाणाऱ्या जवळपास प्रत्येक ४जी फोनमध्ये असतात. गोम २८ मध्ये आहे. स्वस्त आणि जुन्या मॉडेलांत तो पुष्कळदा नसतो, आणि बीएसएनएलचं खेड्यातलं ४जी नेमकं त्यावर आणि बँड १ वर आहे. खोक्यावर हे छापलेलं नसतं. कंपनीच्या भारतीय संकेतस्थळावर त्या मॉडेलच्या माहितीत ‘नेटवर्क’ या मथळ्याखाली बघायचं. मॉडेलचं नाव तेच असलं तरी देशागणिक बँड बदलतात, म्हणून मॉडेल क्रमांक शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा.

दुसरी चाळणी साठवणीची, आणि यावर मी अडून बसेन. दुकानदार रॅम सांगतो, साठवण कुठल्या जातीची ते सांगत नाही. ईएमएमसी ५.१ असेल तर फोन पहिल्या वर्षी बरा चालतो, मग साठवण ८०-८५ टक्के भरली की कॅमेरा उघडायला, व्हॉट्सॲप उघडायला वेळ लावतो. त्यात पार्श्वभूमीला ॲपचं अपडेट चालू झालं की फोन गोठल्यासारखा वाटतो. यूएफएस २.२ असेल तर हा त्रास खूप कमी. ४ जीबी रॅम आणि ईएमएमसी अशी जोडी असलेला फोन आई-बाबांना देऊ नका, दोन वर्षांत ‘फोन स्लो झालाय’ सुरू होईल.

‘१६ जीबी रॅम’ म्हणजे सहसा ८ खरी आणि ८ साठवणीतून उसनी घेतलेली. उसन्या रॅमचा तुमच्या कामांना उपयोग नाही, ती सेटिंगमधून बंद केली तरी चालेल. खरी ६ जीबी पुरे. साठवण १२८ जीबीच्या खाली नको. मेमरी कार्डवर विसंबू नका: बऱ्याच फोनांत दुसरं सिम आणि कार्ड यांना एकच खाचा असतो, आणि तुम्हाला दोन सिम लागणार आहेत.

१०८ मेगापिक्सेल विसरा. तो कॅमेरा रोजच्या वापरात नऊ-नऊ ठिपके एकत्र करून १२ मेगापिक्सेलचाच फोटो देतो. पिकाच्या फोटोला आणि व्हिडिओ कॉलला साधा ५० चा कॅमेरा भरपूर आहे.

बॅटरी ५००० एमएएचच्या खाली नको. कमजोर रेंजमध्ये फोन सतत पूर्ण ताकदीने बोलतो, शहरात दीड दिवस जाणारी बॅटरी दरीत एका दिवसात संपते. फोनची तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी पुष्कळ जणांची बॅटरी धडधाकट असते, रेंज खराब असते.

पडदा: बाबा अंगणात उन्हात बघणार, म्हणून ब्राइटनेसचे निट्स बघा. ९० हर्ट्झ की १२० हर्ट्झ यावर पैसे घालू नका. पाण्यासाठी आयपी ५४ किंवा ६४ असेल तर कोकणच्या पावसात शिंतोडे सोसतो, बुडवणं सोसत नाही. पावसाळ्यात चार्जिंगच्या खाचेत ओलावा असल्याचा इशारा आला तर फोन पालथा ठेवून पंख्याच्या वाऱ्यावर वाळू द्या. काडी घालून पुसू नका, आतल्या पट्ट्या वाकतात.

फाइव्हजीप्रेमी

गावात ५जी नाही म्हणून ४जी फोन घ्यायचा का? फोन पाचेक वर्षं वापरणार. जिओच्या ५जीला एन २८ म्हणजे ७०० मेगाहर्ट्झचा बँड आहे, तो उद्या गावात आला तर फायदा होईलच की.

सिग्नलशाळा

मुद्दा रास्त आहे, पण अर्धा. एन २८ आला तर तुमचं म्हणणं खरं. एअरटेलचं ५जी प्रामुख्याने एन ७८ वर, म्हणजे ३५०० च्या आसपास आहे, ते या दरीतल्या घरात शिरणं कठीण. म्हणून ५जी फोन घेतलाच तर एन २८ आणि एन ७८ दोन्ही हवेत, आणि ‘एसए’ म्हणजे स्वतंत्र ५जी चालायला हवं, कारण जिओचं ५जी तसं आहे. बँड २८ आणि एन २८ एकच फ्रिक्वेन्सी असली तरी फोनमध्ये दोन्हींचं समर्थन वेगवेगळं लिहिलेलं असतं, दोन्ही ठिकाणी बघा.

आज मात्र फोन गावात पोचला की प्रेफर्ड नेटवर्क ४जीवर ठेवा. नसलेलं ५जी शोधण्यात बॅटरी जाते. आणि जुलै २०२४ च्या दरवाढीपासून जिओ आणि एअरटेल दोघांचंही अमर्याद ५जी दिवसाला २ जीबी किंवा त्यावरच्या पॅकवर आहे. दीड जीबीवाल्या पॅकवर ५जीचा तो फायदा मिळत नाही.

दुरुस्तीवाला

५जीच्या बाजूने माझं कारण वेगळं आहे. या किमतीत यूएफएस साठवण आणि लांबपल्ल्याचे अपडेट हे सहसा ५जी मॉडेलांतच सापडतात. अपडेट किती वर्षं मिळणार हे विचारा: सॅमसंगने गॅलॅक्सी ए१६ ५जीला सहा वर्षांचं आश्वासन दिलंय, काही कंपन्या याच किमतीत दोनावर थांबतात. बँकांची ॲप जुन्या अँड्रॉइडचा आधार एकेक करून काढून घेतात. फोन धड असतो आणि यूपीआय चालत नाही, ही वेळ त्यामुळेच येते.

चावडी

बीएसएनएल घेणार असाल तर तीन खाचखळगे.

सिम जुनं ३जीचं असेल तर ग्राहक सेवा केंद्रातून ४जीचं बदलून घ्या, त्याशिवाय ४जी येणार नाही. मग व्होल्टी चालू करायला इंग्रजीत ‘ACTVOLTE’ सलग लिहून ५३७३३ वर एसएमएस. आणि फोनमध्ये बँड २८ असूनही बीएसएनएलच्या व्होल्टीची सोय त्या फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये नसेल तर कॉलच्या वेळी फोन २जी-३जीवर उतरतो आणि तोवर नेट थांबतं किंवा रांगतं. शेजाऱ्यांच्या फोनवर हे तपासता येईल: कॉल चालू असताना वर ४जी किंवा व्होल्टीचं चिन्ह टिकतं का बघा.

अवांतर: सरकारी निधीतून उभारलेल्या काही टॉवरवर जानेवारी २०२५ पासून जिओ, एअरटेल आणि बीएसएनएल एकमेकांचं ४जी वापरू देतात. म्हणून नेटवर्क निवड ‘ऑटोमॅटिक’ वरच ठेवा. हाताने एक कंपनी निवडून ठेवली असेल तर फोन दुसरीकडे जात नाही.

शिवारफेरी

एक मार्ग कुणीच सांगितला नाही: घरात फायबर येत असेल तर वायफाय कॉलिंग. एअरटेल आणि जिओ दोघांकडे आहे, वेगळे पैसे नाहीत, नेट कुठल्याही कंपनीचं चालतं. सेटिंगमध्ये त्या सिमखाली ‘वायफाय कॉलिंग’ चालू करायचं. स्वयंपाकघरातली -११७ तेव्हा बिनमहत्त्वाची होते. ओटीपीचे एसएमएससुद्धा बहुतेक वेळा वायफायवरून येतात. फक्त फोन त्या कंपनीच्या यादीत आहे का, हे खरेदीआधी बघा.

वीज गेली की मोडेम बंद, म्हणून १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावा. मोडेमच्या ॲडाप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर लिहिलेले असतात. व्होल्ट तेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त.

वाडीतली

फायबर वाडीच्या तोंडापर्यंत आलंय, चौकशी करते. ऑनलाइन ‘सिग्नल बूस्टर’ दिसतात, ते लावले तर?

मनोरा

नको. खासगी बूस्टर लावणं भारतात बेकायदा आहे, परवानगी फक्त दूरसंचार कंपन्यांनाच. शिवाय स्वस्त बूस्टर टॉवरच्या दिशेने गोंगाट फेकतो आणि अख्ख्या वाडीची रेंज बिघडते. तक्रार गेली तर दूरसंचार विभागाचं पथक येऊन तो जप्त करतं.

रोजमेळ

यूपीआयबद्दल, कारण नव्या फोनवर लोक इथेच अडकतात.

नोंदणी करताना ॲप तुमच्या सिमवरून स्वतःच एक एसएमएस पाठवतं आणि त्यावरून बँक नंबर ओळखते. तो गेला नाही की ‘व्हेरिफिकेशन फेल’. कारणं ठरलेली: दोन सिमपैकी चुकीचं निवडलं, एसएमएससाठी डीफॉल्ट सिम दुसरंच आहे, पॅकमध्ये एसएमएस नाहीत, किंवा रेंज काठावर आहे. नोंदणी अंगणात उभं राहून करा, वायफाय बंद ठेवून. लागोपाठ प्रयत्न करत बसू नका, बँक काही काळ अडवते. नवीन फोनवर पहिले २४ तास पाठवायची रक्कम मर्यादित असते, साधारण ५००० रुपये. सिमच बदललं असेल तर पहिले २४ तास त्या सिमचे एसएमएसही बंद असतात, म्हणजे ओटीपी नाही. त्यामुळे आई आणि बाबा दोघांचं सिम एकाच दिवशी बदलू नका. एकाचं सुरळीत झालं की दुसऱ्याचं.

किराणा-भाजीसाठी यूपीआय लाइट चालू करा. एका वेळी १००० रुपयांपर्यंत पिनशिवाय जातात आणि त्या पाकिटात ५००० च्या वर ठेवताच येत नाहीत, त्यामुळे काही झालं तरी नुकसान तेवढ्यावर थांबतं. नेट नसेल तेव्हा *९९# काही कंपन्यांच्या सिमवर साध्या कॉलच्या रेंजवर चालतं, आपल्या सिमवर चालत असेल तर त्याची नोंदणी एकदा बाबांकडून करवून घ्या.

डेव्हलपर ऑप्शन्स चालू असतील तर काही बँकांची ॲप उघडत नाहीत. चाचणीसाठी कुणी चालू केले असतील तर बंद करा.

शिवारफेरी

ई-पीक पाहणी. ॲप प्ले स्टोअरवरूनच घ्या, फॉरवर्ड आलेल्या लिंकवरून कधीही नाही. फोटो शेतातच, त्या गटात उभं राहून काढावा लागतो आणि ॲप जीपीएसवरून जागा पडताळतं. जीपीएसला रेंज लागत नाही, पण नेट असलं की फोनला उपग्रहांची स्थिती आधी कळते आणि जागा लवकर सापडते. नेट नसेल तर पहिल्यांदा काही मिनिटं लागतात. आंबा-काजूच्या झाडाखाली उभं राहिलं की जागा भलतीकडे दाखवतो, उघड्यावर या. लोकेशनची परवानगी देताना ‘प्रिसाइस’ चालू ठेवा, ‘ॲप्रॉक्झिमेट’ दिली की शेजारच्या गावात दाखवेल. जीपीएसटेस्ट नावाचं ॲप टाकून अचूकता ५ ते १० मीटरच्या आत आली की मगच फोटो काढा. फोन निवडताना एल५ जीपीएस असलेला मिळाला तर डोंगराच्या कुशीत फरक पडतो. नसला तरी अडत नाही.

हंगामाच्या शेवटच्या दोन-तीन दिवसांवर टाकू नका, सर्व्हरवर गर्दी होते.

रोजमेळ

सुरक्षेचं काम पहिल्याच दिवशी फोन हातात असताना उरका. सेटिंग, ॲप्स, स्पेशल ॲक्सेस, ‘इन्स्टॉल अननोन ॲप्स’: तिथे व्हॉट्सॲप, क्रोम, फाइल्स सगळ्यांना नकार. ‘आरटीओ चलान’ किंवा ‘लग्नपत्रिका’ नावाने येणारी एपीके फाइल या एका सेटिंगवर अडते. ती बसली की एसएमएस वाचते आणि ओटीपी पुढे पाठवते. व्हॉट्सॲपमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन टाका आणि मीडिया ऑटो-डाउनलोड बंद करा, त्याने साठवणही वाचते.

पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, हे वाक्य दोघांच्याही तोंडात बसलं पाहिजे. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. पहिल्या तासाभरात कळवलं तर रक्कम पुढच्या खात्यात अडवण्याची शक्यता बरी असते.

दुरुस्तीवाला

बाबांच्या अक्षरांसाठी: फॉन्ट साइज एकदम शेवटच्या टोकाला नेऊ नका, काही बँकांच्या ॲपमध्ये ‘पुढे’चं बटण पडद्याबाहेर जातं. फॉन्ट दोन पायऱ्या आणि ‘डिस्प्ले साइज’ एक पायरी वाढवा. फोनची भाषा मराठी करा. अँड्रॉइड १३ पासून एखाद्या ॲपची भाषा वेगळी ठेवता येते, म्हणजे फोनवरून मार्गदर्शन करताना तुम्हाला जे ॲप इंग्रजीत सोपं जातं ते तसंच राहू द्या. कीबोर्ड जीबोर्ड, त्यात मराठी, आणि टाइप करण्याऐवजी माइक दाबून बोलायला शिकवा.

सातासमुद्रापार

ऑस्टिनहून. इथून फोन आणून द्यायचा विचार कुणी करत असेल तर: अमेरिकेत विकलेल्या आयफोन १४ पासून पुढच्या मॉडेलांत सिमचा खाचाच नाही, फक्त ईसिम. कंपनीच्या हप्त्यावर घेतलेला फोन त्या कंपनीला लॉक असतो, सहसा पूर्ण फेडल्याशिवाय उघडत नाही. अमेरिकी अँड्रॉइड मॉडेलांत काहींवर भारतीय कंपन्यांची व्होल्टी चालू होत नाही, आणि जिओवर त्याशिवाय कॉलच नाही. आई-बाबांसाठी फोन भारतातच घ्यावा, वॉरंटीही तिथेच कामी येते.

वाडीतली

खूप आभार सगळ्यांचे. ठरलं ते असं: बाबांचा नंबर जिओत पोर्ट, आईचा एअरटेलच राहील आणि तिच्या फोनमध्ये दुसरं सिम बीएसएनएल. फोन ६ जीबी, यूएफएस, बँड २८ असलेले. पोर्ट करताना काय सांभाळायचं?

चावडी

बाबांच्या फोनवरून इंग्रजीत ‘पोर्ट’, एक जागा सोडून त्यांचा दहा अंकी नंबर, १९०० वर एसएमएस. आठ अक्षरांचा कोड येतो, तो महाराष्ट्रात चार दिवस चालतो. तो आणि आधार घेऊन दुकानात. सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले हवेत, आणि गेल्या सात दिवसांत सिम बदललेलं नको. सर्कलच्या आत तीन कामाचे दिवस लागतात. रत्नागिरी महाराष्ट्र सर्कलमध्ये येतं, गोवाही त्यातच. मुंबई वेगळं सर्कल आहे, नंबर मुंबईत घेतलेला असेल तर पाच कामाचे दिवस धरा.

जुन्या सिमवरचा पॅक आणि शिल्लक पुढे जात नाही, म्हणून रिचार्ज संपत आला की मगच पोर्ट करा. जुनं सिम बंद पडेपर्यंत काढू नका. नेटवर्क गेल्यावर नवं सिम घालून फोन एकदा बंद-चालू करा.

फोन सेकंडहँड घेणार असाल तर पैसे देण्याआधी *#०६# वरून आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) काढा, इंग्रजीत ‘केवायएम’, एक जागा सोडून तो १५ अंकी आकडा, १४४२२ वर पाठवा. काळ्या यादीत असेल तर लगेच कळतं. नवीन असेल तरी बिलावर दोन्ही आयएमईआय लिहून घ्या. हरवल्यावर संचार साथी या सरकारी पोर्टलवर फोन बंद करताना तेच लागतात.

वाडीतली

बाबांचा नंबर मुंबईतलाच आहे. मग पाच दिवस धरून पुढच्या सोमवारी एसएमएस टाकते, आईचं बीएसएनएल त्यानंतर.